सेवेच्या वाटेने पसरणारा ताप



इबोला हे नाव आज आपल्यापैकी बहुतेकांच्या कानावरून गेलेले आहे. २०१४ साली पश्चिम आफ्रिकेत या रोगाची मोठी साथ आली, तेव्हा डोक्यापासून पायापर्यंत झाकून घेतलेल्या डॉक्टरांची छायाचित्रे आपण वर्तमानपत्रांतून पाहिली. त्या छायाचित्रांनी रोगाची भीती घरोघर पोहोचवली. परंतु रोग पसरतो कसा, याची माहिती त्या मानाने फार थोड्यांपर्यंत पोहोचली. हा रोग वाऱ्याने येतो, रोग्याच्या गावावरून गेले तरी होतो, असे बोलणे सुशिक्षितांच्या तोंडूनही ऐकू येते.

मी वैद्यकीय क्षेत्रातला नाही. कला शाखेचा पदवीधर असून बँकेत कारकुनी करतो. तरीही या विषयावर डॉक्टरांनी व शास्त्रज्ञांनी गेल्या पन्नास वर्षांत जे शोधून काढले आहे, ते सामान्य वाचकाला समजण्यासारखे आहे आणि समजून घेतल्यास उपयोगी पडण्यासारखे आहे, असे वाटल्यावरून हा लेख लिहिला आहे. वाचकांनी एक गोष्ट आरंभापासून ध्यानात ठेवावी. यांतील काही रोग माणसाकडून माणसाकडे प्रामुख्याने शुश्रूषेच्या वाटेने जातात. जो रोग्याला पाणी पाजतो, त्याची ओकारी पुसतो, त्याला इंजेक्शन देतो किंवा मृत्यूनंतर त्याला अंघोळ घालतो, त्यालाच सर्वांत अधिक धोका असतो. म्हणून या रोगांविषयीचे ज्ञान हे सेवा करणाऱ्याचा जीव वाचवणारे ज्ञान आहे.

१. रक्तस्रावी ताप म्हणजे काय?

विषाणूंमुळे होणाऱ्या तापांपैकी काही ताप असे आहेत की, त्यांत रक्तवाहिन्यांच्या भिंतींना इजा होते, रक्त गोठण्याची क्रिया बिघडते आणि शरीरातील अनेक अवयव एकाच वेळी निकामी होऊ लागतात. अशा तापांना विषाणुजन्य रक्तस्रावी ताप असे म्हणतात. इबोला, मारबर्ग, लासा, क्रिमियन-काँगो, आपल्याकडील क्यासनूर जंगलाचा ताप आणि डेंग्यूचा गंभीर प्रकार हे सर्व या नावाखाली येतात.

नावावरून असे वाटते की, प्रत्येक रोग्याच्या नाकातोंडातून रक्त वाहत असेल. प्रत्यक्षात तसे नसते. इबोलाच्या पुष्कळशा रोग्यांत बाहेर दिसेल असा रक्तस्राव होतच नाही. सुरुवातीला ताप, अंगदुखी, डोकेदुखी, घसादुखी आणि विलक्षण थकवा असतो. पुढे ओकाऱ्या व जुलाब सुरू होतात. म्हणजे पहिले काही दिवस हा आजार मलेरिया किंवा टायफॉइडसारखाच दिसतो. धोक्याचे मूळ येथेच आहे. घरच्यांना तो साधा ताप वाटतो आणि ते नेहमीप्रमाणे उघड्या हातांनी सेवा करतात.

२. सर्वच रक्तस्रावी ताप माणसाकडून माणसाला होत नाहीत

हा भेद विद्यार्थ्यांनी नीट समजून घ्यावा. डेंग्यू डासामार्फत होतो. डेंग्यूच्या रोग्याची शुश्रूषा केल्याने डेंग्यू होत नाही. त्याला चावलेला डास दुसऱ्याला चावला तर होऊ शकतो.

दुसरे उदाहरण आपल्या अधिक जवळचे आहे. १९५७ साली त्या वेळच्या म्हैसूर राज्यातील शिमोगा जिल्ह्यात, क्यासनूर जंगलाच्या परिसरात माकडे मरू लागली आणि पाठोपाठ माणसेही तापाने आजारी पडू लागली. पुण्याच्या विषाणू संशोधन केंद्रातील शास्त्रज्ञांनी या नव्या विषाणूचा शोध लावला. हीच संस्था आज राष्ट्रीय विषाणू विज्ञान संस्था म्हणून ओळखली जाते. हा 'माकडताप' गोचिडीच्या चावण्याने होतो. २०१५ साली गोव्यातील सत्तरी तालुक्यात आणि २०१६ साली सिंधुदुर्ग जिल्ह्यातील दोडामार्ग तालुक्यात, रानात व काजूच्या बागांत जाणाऱ्या लोकांमध्ये तो आढळला. परंतु माकडतापाचा रोगी घरी असला म्हणून घरच्यांना त्याच्यापासून ताप होत नाही. तेथे काळजी घ्यायची ती रानात जाताना, गोचिडीची.

याउलट इबोला, मारबर्ग, लासा आणि क्रिमियन-काँगो हे चार ताप माणसाकडून माणसाकडे जाऊ शकतात. त्यांतही ज्याचा सर्वांत अधिक अभ्यास झाला आहे, तो इबोला. म्हणून पुढील विवेचन मुख्यतः त्याच्या आधारे केले आहे.

३. यंबुकूची शिकवण : एक सुई, अनेक माणसे

१९७६ साली त्या वेळच्या झैरे देशात, म्हणजे आजच्या काँगो लोकशाही प्रजासत्ताकात, यंबुकू नावाच्या खेड्यात एक मिशन रुग्णालय होते. एकशेवीस खाटा होत्या, पण डॉक्टर नव्हता. बेल्जियन जोगिणी व स्थानिक परिचारक मिळून ते चालवीत. ऑगस्टच्या अखेरीस मिशनच्या शाळेतील एक शिक्षक ताप आला म्हणून तेथे आला. मलेरिया समजून त्याला इंजेक्शन दिले गेले. त्यानंतर थोड्याच दिवसांत त्या रुग्णालयात येऊन गेलेली इतर माणसेही आजारी पडू लागली.

पुढे जो तपास झाला त्यात असे दिसून आले की, या रुग्णालयात बाह्यरुग्ण विभागासाठी दररोज सकाळी पाच सिरिंजा व सुया दिल्या जात. दिवसभर येणाऱ्या रोग्यांना त्याच वापरायच्या. एका रोग्यानंतर दुसऱ्यासाठी वापरताना सुई कोमट पाण्यात खळबळून घेतली जाई; उकळणे झालेच तर दिवसाच्या शेवटी. त्यामुळे एका रोग्याच्या रक्तातील विषाणू थेट दुसऱ्याच्या शरीरात टोचला गेला. गरोदर स्त्रिया तपासणीसाठी येत, त्यांनाही इंजेक्शने दिली जात. म्हणून तरुण स्त्रियांमध्ये रोगाचे प्रमाण विशेष आढळले. ज्या २८८ रोग्यांच्या बाबतीत संसर्गाचा मार्ग कळू शकला, त्यांपैकी ८५ जणांचा संबंध केवळ रुग्णालयातील इंजेक्शनशी आला होता. एकूण ३१८ माणसे आजारी पडली आणि त्यांतील २८० दगावली. रुग्णालयाच्या सतरा कर्मचाऱ्यांपैकी अकरा मरण पावले. अखेर ३० सप्टेंबरला रुग्णालय बंद पडले आणि त्यानंतर साथ ओसरत गेली.

रोग बरा करण्याचे ठिकाण बंद झाल्यावर रोग ओसरला, ही गोष्ट वाचताना मन विषण्ण होते. त्या जोगिणींचा हेतू वाईट नव्हता. साधने अपुरी होती आणि निर्जंतुकीकरणाचे भान नव्हते. चांगल्या हेतूला योग्य पद्धतीची जोड नसेल तर काय होते, याचे यंबुकूइतके स्पष्ट उदाहरण विरळाच सापडेल.

रोगाला नाव देताना शास्त्रज्ञांनी एक विचार केला, तोही नोंद घेण्याजोगा आहे. यंबुकूचे नाव दिले तर त्या गावाला कायमचा कलंक लागेल, म्हणून त्या परिसरातील इबोला नदीचे नाव रोगाला देण्यात आले.

४. एका घरात राहूनही कोणाला होतो, कोणाला होत नाही?

यंबुकूच्या साथीत रुग्णालयाबाहेर, खेड्यांमध्येही रोग पसरला. पण तो सगळीकडे सारखा पसरला नाही. रोग्याच्या संपर्कातील शंभर माणसांमागे सुमारे पाच जणांना तो झाला; पती-पत्नी, आई-वडील, मुले, भावंडे अशा जवळच्या नात्यांत मात्र हे प्रमाण शंभरात वीसपर्यंत गेले. रोगी ज्यांच्या मांडीवर डोके ठेवतो, त्यांनाच रोग गाठतो, असा याचा अर्थ झाला.

१९७९ साली सुदानच्या दक्षिण भागात (आजच्या दक्षिण सुदानमध्ये) आलेल्या साथीत याचा अधिक बारकाईने अभ्यास झाला. रोग्याच्या खोलीत वावरलेल्या, परंतु त्याला प्रत्यक्ष स्पर्श न केलेल्या १०३ माणसांची नोंद घेण्यात आली. त्यांच्यापैकी एकालाही रोग झाला नाही. उलट ज्यांनी शुश्रूषा केली, त्यांना इतर प्रकारे स्पर्श झालेल्यांच्या तुलनेत पाचपटीहून अधिक धोका असल्याचे दिसले.

१९९५ साली काँगोतील किक्विट शहरात ३१५ माणसांना इबोला झाला. तेथे २७ कुटुंबांचा अभ्यास करण्यात आला. रोग्यांसह त्या घरांत राहणाऱ्या १७३ नातेवाइकांपैकी २८ जणांना रोग झाला. या अठ्ठावीसही जणांचा रोग्याच्या शरीराशी प्रत्यक्ष संबंध आला होता. ज्या ७८ जणांचा असा संबंध आला नव्हता, त्यांतील एकही आजारी पडला नाही. एकाच छपराखाली राहून, एकाच अंगणात वावरून ते सुरक्षित राहिले.

हे आकडे कोरडे वाटतील, पण त्यांत फार मोठा दिलासा आहे. गोवराचा एक रोगी, सभोवतालच्या माणसांना प्रतिकारशक्ती नसेल तर, बारा ते अठरा जणांना रोग देऊ शकतो, कारण गोवर हवेतून पसरतो. इबोलाच्या मोठ्या साथींत एका रोग्यामागे सरासरी दीड ते दोन नवे रोगी झाल्याचे आढळले आहे. रोग भयंकर आहे, परंतु त्याची वाट अरुंद आहे. वाट अरुंद असेल तर ती अडवता येते.

५. संसर्ग नेमका कसा होतो?

(१) विषाणू रोग्याच्या रक्तात, ओकारीत, जुलाबात, लघवीत, लाळेत, घामात, मातेच्या दुधात आणि वीर्यात असतो.

(२) तो दुसऱ्याच्या शरीरात शिरतो तो कातडीवरील जखमेतून किंवा चिरेतून, अथवा डोळे, नाक व तोंड यांच्या ओलसर त्वचेतून. आपला हात दिवसभरात नकळत कितीतरी वेळा चेहऱ्याकडे जातो. रोग्याचे अंग पुसलेला हात डोळ्याला लागला, तेवढ्याने वाट मिळते.

(३) रोग्याच्या घाणीने माखलेली चादर, कपडे, भांडी आणि विशेषतः वापरलेल्या सुया यांतूनही संसर्ग होतो.

(४) संसर्ग झाल्यापासून लक्षणे दिसेपर्यंत दोन ते एकवीस दिवस जातात. लक्षणे दिसू लागण्यापूर्वी इबोलाचा रोगी दुसऱ्याला रोग देत नाही.

(५) आजार जसजसा वाढतो तसतसे शरीरातील विषाणूचे प्रमाण वाढत जाते. मृत्यूच्या सुमारास ते सर्वांत अधिक असते आणि मृतदेहही संसर्गजन्य असतो.

चौथा व पाचवा मुद्दा एकत्र वाचला म्हणजे सर्व उलगडा होतो. रोगी हिंडत-फिरत असतो तेव्हा तो फारसा धोकादायक नसतो. तो अंथरुणाला खिळतो तेव्हा बाजारातल्या, प्रवासातल्या माणसांशी त्याचा संबंध तुटतो. उशाशी राहतात ती आई, पत्नी, मुलगी आणि नर्स. नेमक्या त्याच वेळी त्याच्या शरीरात विषाणू सर्वांत अधिक असतो. जगाच्या पाठीवर कोठेही घरातील आजाऱ्याची सेवा बहुधा स्त्रियाच करतात. त्यामुळे त्यांच्यावरील जोखीमही मोठी आहे.

विषाणूचे एक दुर्बल अंगही आहे. त्याच्याभोवती चरबीयुक्त आवरण असते आणि साबणाने ते फुटते. क्लोरीनच्या पाण्यानेही विषाणू नष्ट होतो. साथीच्या काळात दूषित वस्तूंसाठी अर्धा टक्का आणि हातांसाठी त्याच्या दहाव्या हिश्श्याचे क्लोरीनचे द्रावण वापरतात. इतक्या भीतिदायक शत्रूविरुद्धचे पहिले शस्त्र साबणाची वडी आहे, हे विद्यार्थ्यांनी विसरू नये.

६. अंत्यविधी आणि संसर्ग

पश्चिम आफ्रिकेतील साथीचा उगम डिसेंबर २०१३ मध्ये गिनी देशातील मेलियांडू या खेड्यातील एका लहान मुलापाशी पोहोचतो, असे शास्त्रज्ञ मानतात. फळे खाणाऱ्या किंवा अन्य वटवाघळांकडून हा विषाणू प्रथम माणसात येत असावा असा अंदाज आहे. पण प्राण्यापासून लागण क्वचितच होते; त्यानंतरचा सारा प्रवास माणसाकडून माणसाकडे झाला. गिनी, लायबेरिया व सिएरा लिओन या तीन देशांत मुख्यतः पसरलेल्या या साथीत २०१६ पर्यंत २८,६०० हून अधिक माणसे आजारी पडली आणि ११,३०० हून अधिक मरण पावली.

या भागात मृताला नातेवाइकांनी स्वतःच्या हातांनी अंघोळ घालणे, त्याला स्पर्श करून निरोप देणे ही आदराची रीत आहे. सिएरा लिओनच्या सीमेलगतच्या भागात एक झाडपाल्याचे औषध देणारी वैदू बाई होती. गिनीतून येणाऱ्या रोग्यांवर उपचार करता करता ती स्वतः दगावली. तिच्या अंत्यविधीला गावोगावच्या स्त्रिया आल्या होत्या, आणि मे २०१४ मध्ये त्या देशात जे पहिले रोगी सापडले ते याच अंत्यविधीला गेलेल्या स्त्रियांपैकी होते.

मग सरकारी पथके आली. पोशाख घातलेली अनोळखी माणसे मृतदेह पिशवीत घालून नेऊ लागली. घरच्यांना विचारले जात नसे, कित्येकांना आपले माणूस कोठे पुरले हेही कळत नसे. परिणाम उलटा झाला. लोक रोगी लपवू लागले, रात्री गुपचूप दफन करू लागले. हीच माणसे रोग पसरवतात अशी अफवा उठली. सप्टेंबर २०१४ मध्ये गिनीतील वोमे या गावी माहिती देण्यासाठी गेलेल्या पथकावर जमावाने हल्ला केला आणि आठ जणांचा जीव गेला.

तेव्हा जागतिक आरोग्य संघटनेने आपली पद्धत बदलली. मुस्लिम व ख्रिस्ती धर्मगुरूंशी चर्चा करून नोव्हेंबर २०१४ मध्ये 'सुरक्षित व सन्मानपूर्वक दफना'चे नियम काढले. दफनापूर्वी कुटुंबाशी बोलावे, त्यांची संमती घ्यावी, त्यांना अंतरावरून प्रार्थना करू द्यावी, अंघोळीऐवजी धर्माला मान्य असा पाण्याविना विधी करावा, कबरीवर नाव लावू द्यावे, असे त्यात सांगितले होते. मृतदेहाला हात लावायचा नाही हा नियम पूर्वीचाच होता. आता त्याला माणुसकीची जोड मिळाली. शास्त्र बरोबर असले तरी ते लोकांना विश्वासात घेऊन सांगावे लागते, हा त्यातील धडा होय.

७. लागोसचा हिशोब

२० जुलै २०१४ रोजी लायबेरियातून आलेला एक आजारी प्रवासी नायजेरियातील लागोसच्या विमानतळावर कोसळला. आपल्याला मलेरिया आहे असे त्याचे म्हणणे होते. खाजगी रुग्णालयातील डॉ. अमेयो अदादेवो यांना इबोलाचा संशय आला. रोग्याला जाऊ द्यावे म्हणून त्यांच्यावर मोठे दडपण आले, पण त्यांनी त्याला रुग्णालयाबाहेर जाऊ दिले नाही. तो रोगी दगावला. डॉक्टरबाईंनाही लागण झाली आणि १९ ऑगस्टला त्यांचे निधन झाले.

त्यानंतर आरोग्य खात्याने त्या एका रोग्यापासून सुरुवात करून कोण कोणाच्या संपर्कात आले याची यादी केली. एकूण ८९४ माणसे निघाली. प्रत्येकाला एकवीस दिवस भेटून ताप आहे का हे पाहिले गेले; ताप आला की लगेच वेगळे ठेवून उपचार सुरू. पोलिओ निर्मूलनासाठी उभारलेली यंत्रणा या कामी आली. कोट्यवधी वस्तीच्या त्या शहरात आलेला रोग देशभरात वीस माणसांवर थांबला. त्यांतील आठ दगावली. २० ऑक्टोबर २०१४ रोजी नायजेरिया इबोलामुक्त जाहीर झाला.

आम्हा बँकेतल्या माणसांना ही पद्धत ओळखीची वाटते. दिवसअखेर एका व्हाउचरचा जरी मेळ लागला नाही, तरी ते सापडेपर्यंत कोणी घरी जात नाही. लागोसमध्ये एकही नाव सुटू न देण्याची हीच चिकाटी हजारोंचे प्राण वाचवून गेली.

८. आपल्या देशातील अनुभव

हे सारे दूरच्या खंडात घडले, असे समजण्याचे कारण नाही. जानेवारी २०११ मध्ये गुजरातमधील साणंद तालुक्यातील कोलट गावची एक स्त्री तापाने आजारी पडली आणि अहमदाबादच्या एका रुग्णालयात दाखल झाली. तिचे निधन झाले. त्यापाठोपाठ तिच्यावर उपचार करणारे डॉक्टर व नर्स हेही मरण पावले. पुण्याच्या राष्ट्रीय विषाणू विज्ञान संस्थेने तपासणी करून हा क्रिमियन-काँगो ताप असल्याचे सिद्ध केले. भारतात या रोगाचे हे पहिलेच सिद्ध झालेले रोगी होत. यंबुकूत जे १९७६ साली झाले, त्याचीच लहान आवृत्ती येथे घडली: साधा ताप समजून सेवा केली आणि सेवा करणारे गेले.

हा विषाणू गुरे, शेळ्या-मेंढ्या यांच्या अंगावरील गोचिडीत असतो. गोचीड चावल्याने, जनावराच्या ताज्या रक्ताशी संबंध आल्याने किंवा रोग्याच्या रक्ताशी संबंध आल्याने तो माणसाला होतो. ज्यांच्या घरी जनावरे आहेत, त्यांनी गोचीड उघड्या बोटांनी चिरडू नये, एवढी साधी गोष्ट आपल्या गावाकडच्या नातेवाइकांना अवश्य सांगावी.

९. सेवा करावी, पण रीतीने

पश्चिम आफ्रिकेतील तीन देशांत ८८१ आरोग्य कर्मचाऱ्यांना इबोला झाल्याचे सिद्ध झाले आणि त्यांतील ५१३ जण मरण पावले. युगांडातील गुलू येथे २००० साली आलेल्या साथीत डॉ. मॅथ्यू लुक्विया यांनी रोग सर्वप्रथम ओळखला, वेगळा कक्ष उघडला, भेदरलेल्या कर्मचाऱ्यांना धीर दिला. एका रात्री अत्यवस्थ सहकाऱ्याला सावरण्यासाठी ते धावले. हातमोजे, मास्क, झगा सर्व होते. डोळ्यांवरचे संरक्षण तेवढे नव्हते. ५ डिसेंबर २००० रोजी त्यांचे निधन झाले. रवांडात २०२४ साली मारबर्ग तापाचे ६६ रोगी आढळले आणि १५ दगावले. त्या रोग्यांतही बहुसंख्य आरोग्य कर्मचारीच होते.

तरीही रीत पाळली तर सेवा करता येते. लायबेरियात २०१४ साली नर्सिंग शिकणाऱ्या एका विद्यार्थिनीचे आई-वडील, बहीण व एक चुलत भावंड आजारी पडले. रुग्णालयांत जागा नव्हती. तिने कचऱ्याच्या प्लास्टिक पिशव्या पायांना व डोक्याला बांधल्या, वरून रेनकोट, हातमोजे, मास्क असा पोशाख केला आणि एकटीने चौघांची सेवा केली. चौघांपैकी तिघे वाचले आणि तिला स्वतःला लागण झाली नाही. पिशव्या बांधणे ही काही शिफारस करण्याजोगी पद्धत नव्हे. रोग्याला प्रशिक्षित माणसांच्या हाती सोपवणे हेच योग्य. पण ती वाचली ते विषाणू कोठून शिरतो हे तिला ठाऊक होते म्हणून. दररोज पोशाख चढवण्या-उतरवण्याचा क्रम तिने मोडला नाही. तज्ज्ञ सांगतात की, पोशाख उतरवताना धोका सर्वांत अधिक असतो, कारण बाहेरची बाजू दूषित झालेली असते आणि माणूस थकलेला असतो.

१०. रोग बरा झाल्यानंतर

बरा झालेला माणूस हात मिळवल्याने, शेजारी बसल्याने, एकत्र जेवल्याने रोग देत नाही. मात्र वीर्यात विषाणू बराच काळ टिकू शकतो. म्हणून बऱ्या झालेल्या पुरुषांनी बारा महिने किंवा दोनदा तपासणी निर्दोष येईपर्यंत निरोध वापरावा, असा सल्ला आहे. नोव्हेंबर २०१४ मध्ये लायबेरियात बरा होऊन परतलेल्या एका भारतीयाच्या वीर्यात विषाणूचा अंश आढळला, म्हणून दिल्ली विमानतळावर त्याला वेगळे ठेवण्यात आले होते. रक्ततपासणी मात्र निर्दोष होती. २०२१ साली गिनीत पुन्हा इबोला आला, तेव्हा तो विषाणू जुन्या साथीतील बचावलेल्या व्यक्तीकडून आलेला असावा, असे जनुकीय तपासणीवरून दिसले.

'स्पर्श टाळा' हे शब्द आपल्या समाजाच्या कानाला सहज सहन होणारे नाहीत. त्याचे कारण सांगण्याची गरज नाही. म्हणूनच येथे भेद स्पष्ट केला पाहिजे. विटाळाला पुरावा लागत नव्हता, मुदत नव्हती आणि तो जन्मावर ठरत होता. रोग्याला वेगळे ठेवणे हे तपासणीवर ठरते, एकवीस दिवसांसारखी त्याला मुदत असते, आणि त्या काळात त्याला अन्न, औषध व धीर देणे हे समाजाचे कर्तव्य असते. मुदत संपल्यावरही जो बऱ्या झालेल्या माणसाला विहिरीवर, दुकानात, शाळेत येऊ देत नाही, तो रोगापासून बचाव करीत नसून जुनाच विटाळ नव्या नावाने पाळत असतो. आफ्रिकेत अनेक बचावलेल्यांना हा अनुभव आला. आपल्याकडे तो कोणालाही येऊ नये.

११. आजची स्थिती

इबोलाच्या झैरे या प्रकारावर आता लस उपलब्ध आहे. २०१५ साली गिनीत तिची चाचणी रोग्याच्या भोवतालच्या माणसांना कडे करून टोचण्याच्या पद्धतीने झाली आणि २०१९ साली तिला मान्यता मिळाली. २०२० साली दोन औषधांनाही मान्यता मिळाली. त्यांतील एक औषध १९९५ च्या किक्विट साथीतून वाचलेल्या माणसाच्या रक्तातील संरक्षक घटकावरून तयार झाले आहे. परंतु ही लस सर्व प्रकारांवर चालत नाही. २०२२ साली युगांडात सुदान प्रकारच्या इबोलाची साथ आली, तेव्हा त्यावर मान्यताप्राप्त लस नव्हती. संपर्कातील माणसे शोधणे व रोग्यांना वेगळे ठेवणे या जुन्याच उपायांनी ती आटोक्यात आली.

ध्यानात ठेवण्याजोगे

(१) हे ताप मुख्यतः रोग्याच्या रक्ताच्या व शरीरातील इतर स्रावांच्या प्रत्यक्ष संबंधाने होतात.
(२) प्रत्येक इंजेक्शनसाठी नवी सुई व नवी सिरिंज हवी. दवाखान्यात आपल्यासमोर पाकीट फोडायला सांगण्यात संकोच मानू नये.
(३) कोणाचेही रक्त, ओकारी वा जुलाब साफ करताना हातमोजे घालावेत, नंतर साबणाने हात धुवावेत. ताप कोणता हे ठाऊक नसतानाच ही सवय उपयोगी पडते.
(४) डॉक्टरांना आपला प्रवास, जनावरांशी आलेला संबंध व रोग्याशी आलेला संपर्क खरा सांगावा.
(५) अफवा पुढे सांगू नये. रोगी लपवू नये.

समारोप

१८९७ साली पुणे परिसरात प्लेग पसरला. तो रोग वेगळा, त्याचे जंतूही वेगळे. त्या वेळी क्रांतिज्योती सावित्रीबाई फुले यांनी रोग्यांना आपले पुत्र डॉ. यशवंत यांच्या दवाखान्यात पोहोचवण्याचे काम केले आणि त्याच रोगाने १० मार्च १८९७ रोजी त्यांचे निधन झाले. लुक्विया, अदादेवो आणि अहमदाबादचे ते डॉक्टर व नर्स त्याच मालिकेतील आहेत. सेवा करणाऱ्यांचा आपण गौरव करतो, तो योग्यच आहे. परंतु त्यांच्या हाती मोजे नसावेत, सुई उकळलेली नसावी आणि मग त्यांच्या मृत्यूनंतर आपण त्यांना वंदन करावे, हे पुरेसे नाही.

आपल्या समाजातील अनेक मुली आज नर्सिंगचे शिक्षण घेत आहेत, अनेक बंधू-भगिनी रुग्णालयांत सफाईचे काम करतात. रुग्णाच्या रक्ताशी व घाणीशी सर्वांत आधी संबंध येतो तो त्यांचा. हातमोजे, मास्क व प्रशिक्षण मागणे हा त्यांचा हक्क आहे, आणि त्या मागणीच्या पाठीशी उभे राहणे हे आपले काम आहे. हा लेख वाचून एखाद्या विद्यार्थिनीने आपल्या प्रशिक्षकांना या विषयावर एक जरी प्रश्न विचारला, एखाद्या सफाई कामगार भावाने मोजे मिळाल्याशिवाय कामाला हात लावला नाही, तरी लिहिण्याचे सार्थक झाले असे समजेन.